उबुंटू २५.१० आणि रिमोट डेस्कटॉप: रिमोट लॉगिन, एक्सआरडीपी की रस्टडेस्क?

अंबडच्या वर्कशॉपमधला पीसी इंदिरानगरच्या घरून चालवायचा, एवढीच माझी गरज. उबुंटू २५.१० (लिनक्सची एक आवृत्ती) टाकल्यावर शीर्षकातले तिन्ही पर्याय तपासले ते एकाच कसोटीवर: लाइट जाऊन आली, पीसी आपोआप सुरू झाला, समोर कोणीच नाही. आत शिरता येतं का?

ही कसोटी मला एका रात्रीने शिकवली. आधीचं अ‍ॅप परवानगी मागत अडून बसलं होतं आणि मी वॉचमनकाकांना फोनवर सांगत होतो, "काका, स्क्रीनवर निळं बटण दिसतंय का? त्यावर क्लिक करा." त्यांना माउस सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली.

दोष एकट्या अ‍ॅपचा नसतो. २५.१० मध्ये ग्नोमचं (उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं) जुनं एक्स११ सेशन काढून टाकलंय, उरलंय फक्त वेलँड. एक्स११ आणि वेलँड म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या जुन्या-नव्या पद्धती. वेलँडमध्ये कुठल्याही अ‍ॅपला परस्पर स्क्रीन बघता येत नाही, आधी परवानगी लागते. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे, पण परवानगीची ती चौकट उघडते तिकडच्या स्क्रीनवर!

रस्टडेस्क बसवायला सगळ्यात सोपं, स्वतःचा सर्व्हरही उभा करता येतो. पण वेलँडची लॉगिन स्क्रीन त्याला दाखवता येत नाही. समोर माणूस असेल, त्याला मदत करायची असेल, तर खुशाल घ्या.

एक्सआरडीपी स्वतःचं वेगळं सेशन उघडतं, म्हणून रीस्टार्टनंतरही चालतं. मात्र २५.१० वर त्याला एक्सएफसीईसारखा एक्स११ वर चालणारा डेस्कटॉप जोडून द्यावा लागतो. शिवाय तोच युजर पीसीवर आधीच लॉगिन असेल, तर बहुतेक वेळा काळी स्क्रीन पदरी पडते.

माझी पसंती ग्नोमच्या रिमोट लॉगिनला. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिमोट डेस्कटॉप. तिथे दोन टॅब आहेत, गल्लत करू नका: 'डेस्कटॉप शेअरिंग'ला आधी कोणीतरी लॉगिन झालेलं लागतं, 'रिमोट लॉगिन'ला नाही. विंडोजमधल्या रिमोट डेस्कटॉपवरूनच जोडता येतं. ही सोय ग्नोम ४६ पासूनची, म्हणजे उबुंटू २४.०४ वरही आहे.

ऑफिसचं सगळं काम एक्स११ वर बसलेलं असेल तर अपग्रेडची घाई नको. २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि लॉगिन करताना एक्सऑर्ग (म्हणजे एक्स११) निवडता येतं.

काहीही निवडलं तरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा ठेवू नका. टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन (खासगी जोडणी) लावा, आणि बायोसमध्ये लाइट आल्यावर पीसी सुरू व्हायची सेटिंग आधी बघून घ्या.