ब्रेक बॅरल एअर रायफल आणि ४-१२×४० स्कोप: पन्नास मीटरवर आठ महिने

ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग ताणायच्या एअर रायफलच्या खोक्यावर सेकंदाला हजार फुटांचा वेग छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तिथेच भुलतं. तो वेग बहुतेक वेळा हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यावर मोजलेला असतो. शिशाचा ८.४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४ ग्रॅमचा छर्रा या रायफलमधून सेकंदाला २५० मीटरच्या आसपास निघतो. ऊर्जा झाली १७ जूल. ४.५ मिमी नळी आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. याच छऱ्याने २७१ मीटरचा वेग गाठला की ती मर्यादा येते. म्हणजे ताकद वाढवायला वाव फारसा नाहीच. पन्नास मीटरवर ग्रुप (कागदावर लागलेल्या छऱ्यांचा पुंजका) लहान करायचा तर तो स्कोप (नेमाची दुर्बीण), तो रायफलवर बसवणारं माउंट आणि छरा यांच्या जोरावरच होतो. बजेट ठरवतानाच हे लक्षात घ्या.

हा सगळा वापर कागदी टार्गेटवरचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विचारही नको. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेतल्या पाखरांसाठी एअर रायफलची चौकशी होते. त्यांनी बागेवर जाळी लावावी, पाखरांवर रायफल उचलू नये.

आता स्कोप. स्प्रिंगच्या रायफलला दोन धक्के असतात: पिस्टन सुटताना मागे आणि तो नळकांड्याच्या टोकाशी थांबताना पुढे. बंदुकीसाठी बनवलेले कितीतरी चांगले स्कोप फक्त मागचा धक्का सोसतात, पुढच्या धक्क्याने त्यांच्या आतल्या भिंगांची बैठक ढिली होते. म्हणून विकत घेताना ‘एअर रायफलसाठी चालतो’ असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर (नेमाची फुली) टार्गेटवर सरकल्यासारखी दिसणं. बंदुकीचे बरेच स्कोप १०० यार्डांच्या अंतराला कायमचे जुळवलेले असतात. ४० मिमी भिंगाच्या अशा स्कोपमधून २५ मीटरवर नेम धरला आणि डोळा पार कडेला सरकला, तर नेम १४ मिमीपर्यंत चुकू शकतो. क्रॉसहेअर मात्र दहाच्या वर्तुळावरच दिसत राहते. पुढच्या भिंगाभोवतीचं किंवा बाजूचं फोकस चाक १० मीटरपर्यंत खाली येणारं हवं. त्यावरच्या छापील आकड्यांवर विसंबून राहू नका. टेप धरून २०, २५, ३५, ५० मीटरवर टार्गेट ठेवा, डोकं किंचित हलवा, क्रॉसहेअर कागदावर सरकायची थांबली की चाकावर पांढऱ्या पेनने खूण करा. या स्कोपवर ‘५०’ छापलेलं आहे तिथून खरी खूण चार मिमी अलीकडे आली.

झूम १२ पर्यंत आहे, पण सगळ्यात जास्त उपयोग ८ ते १० चा झाला. एप्रिलच्या दुपारी काळ्या रानावरून हवा उकळल्यासारखी वर येते आणि १२ वर टार्गेट नुसतं लटपटतं. शिवाय या स्कोपची जाळी (क्रॉसहेअर आणि तिच्यावरचे ठिपके) दुसऱ्या फोकल प्लेनची आहे, म्हणजे झूम बदलला तरी ती तेवढीच दिसते, त्यामुळे मिल-डॉटचं, म्हणजे त्या ठिपक्यांचं माप १० झूमलाच खरं. ५ वर आणलं की दोन ठिपक्यांतलं अंतर दुप्पट भरतं.

२५ मीटरवर झिरो केल्यावर, म्हणजे नेम आणि छरा एका जागी आणल्यावर, ५० मीटरवर छरा साडेनऊ-दहा सेंटीमीटर खाली लागतो, म्हणजे दोन मिल (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग). एवढं पाठ असलं की टरेट (स्कोपचा नेम क्लिक-क्लिकने हलवायचं बटण) फिरवावं लागत नाही. वाऱ्याचा हिशेब मात्र अवघड. सेकंदाला तीन मीटरचा आडवा वारा २५ मीटरवर जेमतेम दोन सेंटीमीटर ढकलतो, ५० वर सात-आठ. अंतर दुप्पट, पण सरकणं चौपट. गंगापूर धरणाच्या बाजूला दुपारनंतर वारा सुटतो. तिथे सकाळी नऊच्या आत काम उरकावं.

सर्वात जास्त त्रास माउंटने दिला. आधीच्या दोन सुट्या रिंगा दीडेकशे फैरींत मागे सरकल्या. लक्षात आलं ते रिंगेच्या कडेला रायफलवर ओढलेल्या बारीक रेघेमुळे. रेघ आणि रिंग यांच्यात केसाएवढी फट दिसली. आता एकसंध माउंट आहे, त्याची खालची पिन रायफलवरच्या खाचेत बसते. खाच नसेल तर ते माउंट घेऊन उपयोग नाही. रिंगेचे स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे, दोन न्यूटन-मीटरच्या आत आवळा. जोर लावला तर स्कोपची ट्यूब दबते आणि झूमचं चाक जड होतं.

ब्रेक बॅरल रायफलची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. टरेटचे वरचे क्लिक संपले तरी छरा खालीच लागत असेल तर दोष स्कोपचा नाही. मागच्या रिंगेखाली पाव मिमीची पट्टी घाला. रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर तेवढ्याने २५ मीटरवर नेम सहा सेंटीमीटर वर येतो. याहून जाड पट्टी नको, ट्यूब वाकते. त्यापेक्षा उतार दिलेलं माउंट घ्या.

छऱ्यांत गोल डोक्याचा ८.४ ग्रेनचाच टिकला. चपट्या डोक्याचा २५ मीटरपर्यंत कागदाला सुरेख गोल भोक पाडतो, पुढे डगमगतो. १०.३ ग्रेनचा या स्प्रिंगला जड पडला. पण तुमच्या नळीला काय मानवेल ते तुमच्या नळीवरच कळेल. तीन-चार डबे आणा, छरा बदलला की पहिल्या वीसेक फैरी मोजू नका. डबा उघडताना छऱ्याच्या घाघऱ्याची (मागच्या पोकळ भागाची) कड बघा. दबलेले छरे बाजूला काढा, तेच ग्रुपबाहेर जातात.

ग्रुप अचानक फाटला तर स्कोपला हात लावण्याआधी दस्त्याचे स्क्रू तपासा. दर २०० फैरींनी ते सैल होतातच. मग नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून एक फैर झाडा. पट्टी फडफडली तर सील गेलं. पिस्टनच्या बाजूला तेल सोडू नका, ते दाबाने पेटतं, धूर येतो, वेग बिघडतो. रिकामी फैर झाडू नका आणि रायफल ताणून ठेवू नका. धरण्याचीही रीत आहे: पुढचा हात नुसता आधाराला, मुठीत आवळायचा नाही. वाळूच्या पिशवीवर थेट टेकवली तर नेम वर जातो.

जानेवारीत सकाळी दहा अंशांत केलेला झिरो मे महिन्यात दोन-तीन क्लिक हलला. हा बिघाड नव्हे, ग्रीस आणि स्प्रिंगचा स्वभाव आहे. पावसाळ्यात नळीवर बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवा आणि रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो.

टार्गेटमागे मातीचा ढिगारा किंवा वाळूची पोती हवीतच, छरा तीनशे मीटरपुढेही जाऊ शकतो. डोळ्यांना चष्मा लावा, शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि रायफलचं बिल पेटीतच ठेवा.