लॉनमधलं गाजर गवत: उपटावं, कापावं की फवारावं?

वळवाचा पहिला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतून ओळखीच्यांचे फोन येऊ लागतात. "लॉनमध्ये काँग्रेस उगवलंय, काय मारू?" मी उलट विचारतो, "फूल आलंय का?" उपाय कोणता, हे निम्मं त्या पांढऱ्या फुलावरच ठरतं.

काँग्रेस म्हणजेच गाजर गवत, मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची पहिली नोंद 1955 च्या सुमारास पुण्यात झाली आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानलं जातं. आपल्या घरी मात्र ते बहुतेक वेळा आपणच आणतो. काळ्या चिकट जमिनीत लॉन नीट बसत नाही म्हणून तांबडी माती मागवतो, वर अर्धवट कुजलेलं शेणखत पसरतो. या दोन्हींत बी असतं. माझ्या लॉनमध्ये ते पहिल्यांदा उगवलं ते बरोबर तांबड्या मातीच्या पट्ट्यातच.

आधी नीट ओळखा

रोप लहान असताना चूक होते. तेव्हा ते जमिनीला चिकटून गोल पसरलेलं असतं. पानं गाजरासारखी कातरलेली, रंग फिका राखाडी-हिरवा आणि अंगावर बारीक लव. शेवंतीचा वाफा केलेला असेल तर फसगत ठरलेली. शेवंतीचं पान जाड असतं, त्याचे कातरलेले भाग रुंद आणि मोजके असतात. गाजर गवताची कातर फार खोल जाते, पान हाताला मऊ पण खरबरीत लागतं. झेंडूचं रोप त्याहून सोपं. त्याची पानं समोरासमोर येतात, कडा करवतीसारख्या असतात आणि जवळ गेलं तरी वास येतो. शंका असली तरी गाजर गवताचं पान उघड्या बोटांनी चुरगळून बघू नका. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य अनेकांच्या कातडीला सोसत नाही. पापण्या, मान, कोपराची खाच इथे आधी खाज सुटते, मग कातडी जाड आणि काळपट होते. कुणाला परागांमुळे शिंका आणि दमाही होतो.

दुसरी गफलत एकदांडीची. लहानपणी खरचटलं की आपण ज्या दगडी पाल्याचा रस लावायचो, तीच ही. तिचं फूल लांब, बारीक दांड्यावर एकेकटं उभं असतं, मधे पिवळं. गाजर गवताची फुलं मोहरीएवढी, पांढरीशुभ्र, नीट पाहिलं तर पाच कोपऱ्यांची आणि शेंड्याला झुपक्याने येतात. एकदांडी लॉनमध्ये असली तर माझी तक्रार नाही. तिच्यासाठी औषध आणू नका.

उपटणं

घरापुढच्या हजार-दोन हजार चौरस फुटांच्या लॉनसाठी माझं मत पहिल्यापासून याच बाजूने आहे. अट एवढीच की जमीन ओली हवी आणि फूल आलेलं नको. गाजर गवताला सोटमूळ असतं. आपली काळी माती सुकली की ते मूळ अशी धरून ठेवते की ओढलं तर खोड आणि मुळाच्या सांध्याशी तुटतं, आणि तुटलेल्या बुंध्यातून चार फांद्या फुटतात. पावसाच्या दुसऱ्या दिवशी, किंवा आदल्या संध्याकाळी पाणी सोडून सकाळी, खुरप्याचं टोक मुळाशेजारी तिरकं घालून किंचित उचललं की रोप पांढऱ्या मुळासकट अलगद वर येतं. एकदा हा झटका जमला की तासाभरात बराच भाग निघतो.

घाई कशाची, हेही सांगतो. उगवल्यापासून साधारण महिन्याभरात याला फूल येतं. एका फुलात चार-पाच बिया असतात आणि एक जोमदार झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं. म्हणजे जूनमधलं एक रोप नजरेतून सुटलं तर ऑगस्टमध्ये त्याच जागेची मोजदाद करता येत नाही. फुलाआधी उपटलेलं झाड खड्ड्यात शेण आणि मातीचे थर देऊन कुजवलं तर चांगलं खत होतं. फूल आल्यावर उपटलं तर ते खतात टाकू नका. पिशवी झाडावर पालथी घालून, आतल्या आत उपटून, तोंड बांधून बाजूला ठेवा.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपण खुरपणीला मावशींना बोलावतो आणि त्या उघड्या हातांनी काम करतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मावशींच्या मनगटांवर चट्टे पाहिले, तेव्हा मला कळलं की हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि नाकाला रुमाल हे सगळं आपणच द्यायचं. ज्यांना एकदा याची अॅलर्जी झाली आहे त्यांना हे काम सांगूच नये, मजुरी जास्त दिली तरीही.

कापणं

लॉनचं मशीन फिरवलं की संध्याकाळपर्यंत सगळं साफ दिसतं. पण गाजर गवत कापल्याने मरत नाही. ते खालून फुटतं, आडवं पसरतं आणि दोन इंचांवरच फुलतं, मशीनच्या पात्याखाली. मी पहिल्या वर्षी दर आठवड्याला हेच केलं आणि दिवाळीपर्यंत लॉन बुटक्या गाजर गवताने भरून गेलं. कापणं हा स्वतंत्र उपाय म्हणून मी धरतच नाही. फुलं उघडायच्या बेतात असतील आणि उपटायला माणूस मिळत नसेल, तर आठवडाभराची सवड मिळते, एवढाच त्याचा उपयोग.

फवारणं

कृषी सेवा केंद्रात गेलात की दोन तणनाशकांची नावं समोर येतात, टू-फोर-डी आणि ग्लायफोसेट. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टू-फोर-डी रुंद पानाच्या वनस्पतींवर चालतं. झाडाच्या वाढीचं संप्रेरक असतं तसं ते काम करतं. पानं पिळवटतात, देठ वाकडे होतात आणि झाड आपल्याच वाढीने मरतं. हरळीसारखं मुरलेलं गवत ते सोसून घेतं, म्हणून लॉनच्या आत वापरण्याजोगं हेच. तेही रोप कोवळं, जमिनीला चिकटलेलं असताना. फुलावर आलेलं झाड नुसतं वाकडं होतं आणि बी टाकूनच जातं. नुकतीच बसवलेली लॉन असेल तर हे नकोच. दुकानात सोडियम सॉल्ट, अमाईन सॉल्ट आणि ईस्टर असे प्रकार मिळतात. वस्तीत ईस्टर घेऊ नका. आपल्या उन्हात त्याची वाफ होते आणि ती शेजारच्या अंगणात जाते. द्राक्ष, कापूस, टोमॅटो, शेवगा यांना हे औषध अजिबात चालत नाही. जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार त्याच्या नावानेच का दचकतात, ते मला माझ्या परसात कळलं. पाठीवरच्या एकाच पंपातून लॉनवर टू-फोर-डी मारलं, पंप दोनदा पाण्याने विसळला आणि आठवड्याने त्यातूनच टोमॅटोवर निंबोळी अर्क फवारला. चार दिवसांत टोमॅटोची नवी पानं दोऱ्यासारखी बारीक होऊन गुंडाळली. ती झाडं पुन्हा सुधारली नाहीत. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर लाल रंगाने खूण.

ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते सगळं मारतं, लॉनसकट. म्हणून ते लॉनमध्ये नाहीच. कुंपणाबाहेर, फरशीच्या फटीत, रिकाम्या जागेत त्याचा विचार होऊ शकतो. पण केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेने त्याचा वापर फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच करायचा असं ठरवलं आहे. डबा आणून स्वतः मारायचा विषय तिथेच संपतो. आपल्या बोअरच्या जड पाण्यात आणि गढूळ पाण्यात त्याचा परिणामही घटतो, कारण ते क्षारांना आणि मातीच्या कणांना चिकटून बसतं.

फवारायचंच ठरलं तर सकाळी वारा पडलेला असताना, नोझल जमिनीलगत ठेवून, लेबलवरच्या मापाने फवारा. औषध पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि कुत्री लॉनवर सोडू नका.

मिठाच्या पाण्याचा उपायही सांगितला जातो, लिटरला दीडशे-दोनशे ग्रॅम. कोवळी झाडं त्याने करपतात हे खरं. पण आपल्या काळ्या मातीतून निचरा कमी आणि बोअरच्या पाण्यात आधीच क्षार. त्यात भर घालणं मला पटत नाही. दगडी फरशीच्या कडेला ठीक, मातीत नको.

शेजारचा रिकामा प्लॉट

खरी अडचण बहुतेकदा भिंतीपलीकडे असते. मालक पुण्यात, प्लॉट दहा वर्षं पडून, आणि पावसाळ्यात तिथे कमरेएवढं पांढरं रान. इथे उपटणं पुरं पडत नाही. या जागेसाठी मी दोन सावकाश उपाय वर ठेवतो.

एक म्हणजे मेक्सिकन भुंगा. तो 1984 मध्ये बेंगळुरूला सोडण्यात आला आणि नंतर महाराष्ट्रातही पसरला. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, आकार ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. तो आणि त्याच्या अळ्या पानं फस्त करतात. सूर्यफुलावर तो दिसल्यामुळे मध्यंतरी शंका घेतली गेली होती, पण त्याचं पोट भरतं ते गाजर गवतावरच. हिवाळा-उन्हाळा तो मातीत झोपून काढतो आणि पावसाबरोबर वर येतो. त्यामुळे पावसाळ्यात नीट पाहिलं तर तुमच्याच भागात सापडेल. अशी पाच-पन्नास भुंगे असलेली झाडं कापून प्लॉटमध्ये ठेवली तरी सुरुवात होते. जिथे भुंगा आहे तिथे फवारणी मात्र करू नका.

दुसरा तरोटा, म्हणजेच टाकळा. पावसाआधी त्याचं बी दाट विस्कटायचं. तो गाजर गवताच्या आधी जागा आणि ऊन घेतो, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या बियांनी उगवतो. तरोटा नको वाटला तर झेंडू दाट लावा. दसऱ्याला फुलंही होतात.

दोन्हींना दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर भिंतीलगतचा पाच-सहा फुटांचा पट्टा तरी फुलाआधी उपटून ठेवा. लॉनला सगळ्यात जास्त बी तिथूनच मिळतं.

घरापुढे लहान लॉन असेल तर उपटा. सोसायटीची मोठी लॉन असून माणसं मिळत नसतील तर जूनअखेर, रोपं कोवळी असताना टू-फोर-डीची एकच फवारणी आणि राहिलेली हाताने काढा. पण कुठलाही मार्ग घेतला तरी सोलापुरात एक फेरी सगळे विसरतात. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस सप्टेंबरचा. पूर्वा-उत्तराच्या पावसाने गाजर गवताची दुसरी पिढी उगवते, तेव्हा आपण जूनमध्ये केलेल्या कामावर निर्धास्त असतो. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात घरात साफसफाई चालूच असते. त्यातली एक सकाळ, जमीन ओली असतानाच, खुरपं आणि हातमोजे घेऊन लॉनला द्या.