घरच्या लेअर केकला कोणतं चॉकलेट फ्रॉस्टिंग: बटरक्रीम, गनाश की व्हिप्ड क्रीम?

घरी पहिल्यांदा थरांचा केक करायला घेतला की बहुतेक जण आधी स्पंजची रेसिपी शोधतात आणि फ्रॉस्टिंगचं नंतर बघू म्हणतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. स्पंज थोडा डावा-उजवा झाला तरी साखरेच्या पाण्याने सावरून घेता येतो. फ्रॉस्टिंग मात्र मे महिन्यात, पंख्याखाली, पाहुणे येईपर्यंत टेबलावर उभं राहणार आहे की नाही, हे आधीच ठरवावं लागतं. ते ठरलं की स्पंज लोण्याचा करायचा की तेलाचा, हेही ठरतं.

बटरक्रीम करायला सगळ्यात सोपं. २०० ग्रॅम बिनमिठाचं मऊ बटर, ४०० ग्रॅम आयसिंग शुगर, ५० ग्रॅम कोको आणि दोन-तीन चमचे दूध. बटर आधी एकटंच फिकट होईपर्यंत फेटायचं, मग साखर आणि कोको चाळून थोडं थोडं घालायचं. सात इंची, तीन थरांच्या केकला एवढं पुरतं. नोझलने फुलं, कडा, झालरी काढायच्या असतील तर याच्याइतकं आज्ञाधारक दुसरं काही नाही. पण साखर बटरच्या दुप्पट आहे, हे वाचतानाच लक्षात आलं असेल. कोकोचा कडवटपणा ती गोडी थोडी मारतो, तरी घरातली मोठी माणसं पहिल्या तुकड्यावरच थांबतात. शिवाय बटर तिशीच्या आसपासच्या तापमानाला ढिलं पडायला लागतं. नाशिकच्या डिसेंबरात बटरक्रीम सुंदर बसतं. नागपूरच्या मेमध्ये एसी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत आयसिंग शुगरही ओल धरते, तिचा डबा घट्ट लावून ठेवा.

टोस्टला लावायचं पिवळं बटर यात चालतं का? चॉकलेटमध्ये पिवळेपणा लपतो, खारटपणा नाही. चिमूटभर मीठ चॉकलेटला खुलवतं हे खरं, पण इथे चिमूट नसते, पाकीटभर असते. घरी कढवायला ठेवलेलं पांढरं लोणी वापरायचा मोह होतो, तोही आवरा. त्यात ताकाचं पाणी असतं, आंबूस वासही असतो. गार पाण्यात कितीदा धुतलं तरी थोडं पाणी राहतंच आणि मग क्रीम फुटतं.

माझं मत गनाशला. त्यात मुळात दोनच जिन्नस, चॉकलेट आणि क्रीम. केक झाकायला डार्क कंपाउंड चॉकलेट ४०० ग्रॅम आणि टेट्रापॅकमधलं साधं फ्रेश क्रीम २०० मिली, म्हणजे दोनास एक. थंडीत हे फार घट्ट होतं, तेव्हा चॉकलेट ३०० ग्रॅमवर आणायचं. वरून ओघळ सोडायचे असतील तर दोन्ही समान. चॉकलेट सुरीने अगदी बारीक चिरायचं, कारण मोठे खडे वितळता वितळता क्रीम गार होऊन बसतं. क्रीम उकळू द्यायचं नाही. पातेल्याच्या कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद करून ते चॉकलेटवर ओतायचं आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. मग मधोमध चमचा धरून छोटी वर्तुळं काढायची. सुरुवातीला दही फाटल्यासारखं दिसतं, घाबरू नका. मध्ये गडद, चकचकीत ठिपका तयार होतो आणि तो वाढत वाढत कडेपर्यंत जातो. रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी सुरीने लावण्याजोगं घट्ट मिळतं. तरीही तेल सुटलं असेल तर एक चमचा कोमट दूध घालून हळूहळू ढवळा, बहुतेक वेळा सांधलं जातं.

कंपाउंड घ्यावं की खरं चॉकलेट? कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पतीजन्य चरबी असते. ते स्वस्त, उन्हाळ्यात कमी कटकटीचं, पण चवीला एकसुरी. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते जिभेवर विरघळतं आणि म्हणूनच आपल्या उन्हाळ्यात टेबलावरही. मी दोन्ही निम्मं-निम्मं घेते. २०२४ मध्ये कोकोचे भाव विक्रमी चढले, तेव्हापासून तर ही तडजोड आणखी पटायला लागली.

व्हिप्ड क्रीमबद्दल एक गोष्ट आधी. फ्रेश क्रीमच्या त्याच पाकिटात फॅट सुमारे २५ टक्के असतं आणि ते फुलत नाही. कितीही बीटर फिरवा, बर्फात ठेवा, फुलायला साधारण तीस टक्क्यांच्या वर फॅट लागतं. दुकानात ‘व्हिपिंग क्रीम’ म्हणून मिळतं ते बहुतेकदा नॉन-डेअरी, म्हणजे पाम कर्नेल तेलाचं. फ्रीझरमधून काढून फ्रीजमध्ये वितळवायचं, थोडे बर्फाचे कण राहिलेले असतानाच थंड भांड्यात फेटायचं. ते अडीच-तीन पट फुगतं, त्यामुळे थोडक्या पैशात मोठा केक होतो. त्यात गार झालेलं थोडं गनाश हलक्या हाताने मिसळलं की चॉकलेट फ्रॉस्टिंग तयार. बेकरीतल्या पेस्ट्रीची चव हवी असेल, घरात लहान मुलं असतील, तर हेच करा. मोठ्यांच्या टाळूवर मात्र मेणासारखा थर राहिल्याची तक्रार येते. ती खोटी नाही. पाकिटावर ‘हायड्रोजनेटेड’, म्हणजे हायड्रोजनने घट्ट केलेलं तेल, असा शब्द दिसला की ट्रान्स फॅट या हृदयाला घातक चरबीच्या धास्तीने अनेक जण दचकतात. २०२२ पासून आपल्याकडे खाद्यपदार्थांतल्या तेल-चरबीत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांपेक्षा जास्त असायला बंदी आहे, तरी संतृप्त चरबी राहतेच. एकदा वितळवलेलं क्रीम पुन्हा गोठवू नका.

दूध, कोको, साखर आणि कॉर्नफ्लोअर शिजवून केलेलं फ्रॉस्टिंगही असतं. स्वस्त आणि चविष्ट, पण तीन थर त्यावर घसरतात. एका थराच्या केकवर पसरा.

आता स्पंज. गनाश आणि क्रीमचा केक फ्रीजमध्ये जाणार, आणि लोण्याचा स्पंज तिथे दगड होतो. म्हणून त्या दोघांना तेलाचा कोको स्पंज, अंड्याचा किंवा दही-सोड्याचा. बटरक्रीमचा केक थंडीच्या दिवसांत बाहेरच राहणार असेल तर बटर स्पंज चालेल. ओव्हन नसेल तर शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये मीठ घालून भाजलेला स्पंजही थरांना चालतो, फक्त तो मधोमध फुगतो, तेवढा घुमट कापून टाका. थर कापायला सुरीपेक्षा जाड दोरा बरा. कडेने सुरीची खूण करायची, दोरा त्या खाचेत बसवून समोर पीळ द्यायचा आणि ओढायचा.

केक रिक्षाने किंवा लोकलने न्यायचा असेल तर विचारच नको, गनाश. ते एकदा बसलं की हलत नाही. बसल्या जागी, फ्रीजपासून दहा पावलांवर कापायचा असेल तर क्रीम. कोणताही केक फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर बंद डब्यात ठेवा, कारण चिरलेल्या कांद्याचा वास बटर आणि क्रीम लगेच ओढून घेतात. कापायच्या वेळी गनाशचा केक अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा, नाहीतर सुरी कचकन अडते. क्रीमचा थेट फ्रीजमधून टेबलावर.