'द जनरल' : रूळ दिसले तरच हसू येतं

आधी निकाल सांगून टाकतो. बस्टर कीटनचा विनोदी मूकपट 'द जनरल' (१९२६) संग्रहात हवा असेल तर किनो कंपनीचा ब्लू-रे घ्या. ढीगभर मूकपट एका डबीत कोंबलेले स्वस्त संच मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. या चित्रपटाचा अमेरिकेतला कॉपीराइट केव्हाच संपलेला आहे. त्यामुळे कुणीही उठतो आणि हाताला लागेल त्या प्रतीवरून डिस्क काढतो. तसली एक माझ्याकडेही होती. कंपनीचं नाव घेत नाही. आभाळ पांढरं, धूर पांढरा आणि इंजिन म्हणजे मधून सरकणारा काळा डाग. चौकट चारही कडांनी कापलेली. वर वेग इतका वाढवलेला की टनावारी लोखंड सुटताना टुणकन उडी मारायचं.

तुम्ही म्हणाल, शंभरीला टेकलेला मूकपट, थोडं पुसट दिसलं तर काय बिघडलं? इथेच सगळं बिघडतं.

मी वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टी पेटती ठेवणारा, म्हणून लागलो आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालो. रेल्वेवरचे विनोदी चित्रपट पाहताना मला बहुतेक वेळा हसू येतं ते भलत्याच ठिकाणी, कारण गाडी असं वागतच नसते. 'द जनरल'मध्ये मात्र विनोद रेल्वेच्या नियमांतूनच निघतो. सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) कसा बसतो, वाघीण (मालडबा) उतारावर कशी घरंगळते, रूळ कुठे वळतो, हे दिसलं तर हसाल. नाही दिसलं तर एक माणूस उगाच इकडून तिकडे पळताना दिसेल.

उदाहरण देतो. नायक जॉनी ग्रे (कीटन) हा इंजिन ड्रायव्हर, त्याचं लाडकं इंजिन 'जनरल' शत्रू पळवतात आणि हा दुसरं इंजिन घेऊन मागे लागतो. इंजिन चोरून पळणारे लोक पाठलाग अडवायला मागची वाघीण सोडून देतात. जॉनी ती आपल्या इंजिनानं ढकलत नेतो, सांधा बदलून बाजूच्या रुळावर घालवतो आणि निर्धास्त पुढे निघतो. पण तो बाजूचा रूळ पुढे जाऊन मुख्य मार्गालाच मिळतो. वाघीण पुन्हा त्याच्या नाकासमोर हजर! तो डोळे फाडून बघतो. मग इंजिनाकडे लक्ष द्यायला पाठ वळवतो, तेवढ्यात पळणाऱ्यांनी टाकलेल्या स्लीपरला अडखळून वाघीण रुळांवरून उतरते. हा वर बघतो तर समोर काहीच नाही. त्याचा चेहरा शेवटपर्यंत ढिम्म, मिटलेल्या पापण्या उघडण्याइतकीच काय ती हालचाल. या प्रसंगाचा सगळा जीव कोपऱ्यातल्या त्या जोडरुळात आहे, आणि माझ्या जुन्या डिस्कमध्ये नेमका तो कोपराच कापलेला होता. किनोची प्रत मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून काढलेल्या ३५ मिमी छापावरून केलेली आहे. तिच्यात रुळांच्या मधली खडीसुद्धा सुटी सुटी ओळखू येते.

दुसरा असाच प्रसंग. जॉनी टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या जळणाच्या डब्यावर, उभा राहून लाकडं फोडतोय. त्याच्या पाठीमागून त्याचंच सैन्य माघार घेत पळतंय, मग शत्रूचं सैन्य पुढे येतंय आणि हा आपला कुऱ्हाड चालवतोय. सगळं एकाच चौकटीत, मागचे घोडेस्वार अगदी छोटे. खराब छापात ते धुळीत मिसळून जातात.

आता गमतीच्या माहितीकडे येतो. या चित्रपटाबद्दल सगळ्यात मोठी गंमत अशी की ज्या गोष्टी अतिरंजित वाटतात त्या बऱ्याचशा खऱ्या आहेत. १२ एप्रिल १८६२ ला, अमेरिकेच्या यादवी युद्धात, जेम्स अँड्रूज नावाच्या उत्तरेच्या हेराच्या टोळीनं दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात बिग शँटी इथे 'जनरल' नावाचं इंजिन तीन वाघिणींसकट पळवलं. गाडीवरची माणसं आणि उतारू तेव्हा नाश्ता करत होते. गार्ड विल्यम फुलर इंजिनामागे चक्क पायी धावत सुटला. मग त्याला हातानं ढकलायची ट्रॉली मिळाली. पुढे रूळ उखडलेला होता, तिथे ती ट्रॉली घसरली आणि मंडळी खड्ड्यात पडली. चित्रपटात कीटन ट्रॉलीवरून पडतो तो प्रसंग पाहून आपण म्हणतो, काय कल्पना सुचली! कल्पना कसली, ते घडलेलं आहे. वाघिणीच्या मागच्या भिंतीला भोक पाडून स्लीपर रुळावर टाकणं, वाघिणी सोडून देणं, तारा तोडणं, हेही सगळं त्या टोळीनं केलं होतं.

एक तपशील मात्र कीटननं सोडला, आणि मला त्याचीच जास्त चुटपूट. फुलरला वाटेत 'टेक्सस' नावाचं इंजिन समोरून येताना मिळालं. वळवायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं तो पाठलाग उलट्या इंजिनानं, म्हणजे टेंडर पुढे ठेवून केला. टेंडर पुढे घालून वेगात इंजिन हाकणं म्हणजे काय ते ज्यानं हाकलंय त्यालाच ठाऊक. समोरचं धड दिसत नाही आणि लाकडाचा भुसा नि धूळ थेट डोळ्यांत. चित्रपटातलं 'टेक्सस' सरळ धावतं. कॅमेऱ्याला ते बरं दिसलं असणार.

अँड्रूज आणि त्याचे सात साथीदार फासावर गेले. वाचलेल्यांपैकी विल्यम पिटिंजर यानं या मोहिमेवर पुस्तक लिहिलं. ते सहदिग्दर्शक क्लाइड ब्रकमननं कीटनच्या हातात दिलं आणि चित्रपट जन्मला. कीटनला खरं 'जनरल' हवं होतं. ते तेव्हा चॅटनूगाच्या स्थानकात मांडून ठेवलेलं होतं. पण विनोदी चित्रपट निघणार म्हटल्यावर रेल्वे कंपनीनं नकार दिला. मग सगळा लवाजमा पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हला गेला. तिथल्या लाकूड वाहणाऱ्या लाइनवर जुनी इंजिनं अजून धावत होती. ऑरेगनच्या नॅशनल गार्डचे सुमारे ५०० जवान सैनिक म्हणून आणले. उत्तरेचा निळा गणवेश घालून एका बाजूला धावायचं, मग दक्षिणेचा करडा घालून दुसऱ्या बाजूला. युद्धात दोन्हीकडे तीच माणसं! इंजिनांच्या ठिणग्यांनी जंगलाला आग लागली तेव्हा याच मंडळींनी ती झोडपून विझवली. कीटनचे वडील जो कीटनही यात एका उत्तरेकडच्या सेनानीच्या भूमिकेत आहेत, ओळखता येतात का बघा.

साइड रॉडवरचा, म्हणजे इंजिनाची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा, प्रसंग मला सगळ्यात आवडतो. सैन्यात घेतलं नाही, प्रेयसीनं झिडकारलं, म्हणून जॉनी हिरमुसून इंजिनाच्या साइड रॉडवर बसतो. इंजिन हळूच सुटतं, रॉड त्याला घेऊन वर जातो, खाली येतो, पुन्हा वर, आणि तो तसाच विचारात बुडालेला शेडमध्ये जातो. अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. पण इंजिन सुटताना रेग्युलेटर (वाफ सोडायची झडप) जरा जास्त उघडला की चाकं जागच्या जागी गरगरतात. आम्ही त्याला 'स्लिप मारली' म्हणायचो. कोरड्या रुळावरही होतं, वाळू टाकूनही होतं. तसं झालं असतं तर रॉडनं कीटनला केव्हाच भिरकावलं असतं किंवा खाली ओढलं असतं. कुठलीही हातचलाखी नाही. हा प्रसंग बघताना मी कीटनकडे कमी आणि न दिसणाऱ्या ड्रायव्हरकडे जास्त बघतो. त्या माणसाचा हात सोन्याचा असला पाहिजे. जलद पळवलेल्या स्वस्त डिस्कमध्ये हे सुटणं धक्क्यानं होतं आणि सगळी माया निघून जाते.

काऊकॅचरवरचंही, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या जाळीवरचंही, तसंच. कीटन पुढे बसलेला, मांडीवर एक अवजड स्लीपर, पुढच्या रुळावर दुसरा आडवा पडलेला. हातातला स्लीपर नेमका त्याच्या टोकावर आपटून तो उडवायचा, चालत्या इंजिनावरून. चुकला असता तर इंजिन घसरलं असतं आणि हा पहिला खाली गेला असता.

फायरमन म्हणून एका प्रसंगावर माझा खास हक्क आहे. 'जनरल' परत मिळवून घराकडे निघाल्यावर नायिका अ‍ॅनाबेल ली (मॅरियन मॅक) मदत म्हणून काय करते? शत्रू मागे लागलेला असताना कॅब (इंजिनातली ड्रायव्हरची जागा) झाडून काढते. लाकडाला भोक आहे म्हणून ते फेकून देते. मग भट्टीत चिमुकल्या काटक्या टाकते. तो वैतागून तिच्या हातात आणखी छोटी काटकी देतो, तीही ती मनापासून टाकते. तो तिचा गळा आवळायला हात पुढे करतो आणि मुका घेतो. पहिल्या दिवशी प्रत्येक नवा फायरमन असाच वागतो हो, फक्त नंतरचं स्वागत वेगळं असतं.

पुलाचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, पण आकडा माहीत नसतो. २३ जुलै १९२६ ला रो नदीवरच्या जळत्या पुलावर खरंखुरं इंजिन चालवत नेलं आणि पाडलं. मॉडेल नाही, दुसरी संधी नाही. खर्च ४२,००० डॉलर, मूकपटांच्या काळातलं सगळ्यात महागडं एकच दृश्य म्हणतात ते हेच. आसपासची हजारो माणसं बघायला जमली होती आणि ड्रायव्हरच्या जागी ठेवलेला बाहुला पाहून काहींचा थरकाप उडाला. इंजिन तिथेच नदीत पडून राहिलं. दुसऱ्या महायुद्धात भंगाराची गरज पडली तेव्हा ते काढलं गेलं. मला विचाराल तर या दृश्यानंतर येतो तो सेनापतीचा चेहरा जास्त मोलाचा. पूल अजून पुरेसा जळालेला नाही, जा पुढे, असा हुकूम त्यानंच दिलेला असतो. असे साहेब मी पाहिलेत.

एवढं करून चित्रपट पडला. खर्च साडेसात लाख डॉलरच्या घरात गेला होता, अमेरिकेतली कमाई पाच लाखांनाही पोचली नाही. समीक्षकांनी लांबलचक म्हटलं, लढाईत माणसं मरताना हसायचं कसं म्हणून विचारलं. दोन वर्षांत कीटन स्वतःचा स्टुडिओ सोडून एमजीएम या बड्या स्टुडिओचा नोकर झाला. पुढे १९७२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या जगभरातल्या समीक्षकांच्या कौलात हाच चित्रपट पहिल्या दहात आला, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत अगदी पहिल्या यादीत.

उणं म्हणाल तर एक आहे आणि ते डिस्क बदलून जाणार नाही. खऱ्या घटनेत इंजिन पळवणारे उत्तरेचे होते, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या बाजूचे. कीटननं पाठलाग करणाऱ्या दक्षिणेच्या ड्रायव्हरला नायक केलं. प्रेक्षक दक्षिणेला खलनायक म्हणून स्वीकारणार नाहीत असं त्याचं मत होतं. गुलामगिरीचा विषय चित्रपटात जवळजवळ येतच नाही आणि शेवटी दक्षिणेचा झेंडा मिरवला जातो. मला ते खटकतं. मुलांबरोबर बघणार असाल तर आधी दोन वाक्यांत हे सांगून टाका. शेवटची लढाईही थोडी लांबते. तलवारीचं पातं निसटून बंदूकवाल्याला लागतं तेवढं सोडलं तर तिथे मी चहा करून घेतो.

डिस्कवर तीन संगीतपट्ट्या आहेत. कार्ल डेव्हिसचा वाद्यवृंद डोळे मिटून निवडा. रॉबर्ट इस्रायलचंही संगीत नीटनेटकं आहे. ली अर्विनचा ऑर्गन मला पाऊण तासानंतर सोसत नाही, पण जुन्या थिएटरची हौस असणाऱ्यांना गोड वाटेल. जपानी संगीतकार जो हिसाइशीनं २००४ मध्ये केलेलं संगीत इथे नाही, त्यासाठी दुसरी आवृत्ती शोधावी लागेल. दिग्दर्शक-नट ऑर्सन वेल्सची प्रस्तावना आहे, ती चित्रपटानंतर पाहा, नाहीतर तो आवाज डोक्यात घुमत राहतो. चित्रीकरणाच्या जागा तेव्हा आणि आता दाखवणारी फीत चांगली. खऱ्या 'जनरल'ची सफरही आहे. ते इंजिन आता केनेसॉच्या संग्रहालयात असतं, आणि केनेसॉ म्हणजेच जुनं बिग शँटी, चोरी झाली तेच गाव. १९६२ मध्ये शताब्दीला ते पुन्हा स्वतःच्या वाफेवर धावलं होतं.

पाचपैकी पाच तारे डिस्कला, साडेचार चित्रपटाला. टीव्हीवर 'मोशन स्मूदिंग' की काय असतं ते बंद करून लावा, नाहीतर साइड रॉड रबरासारखे दिसतात.