विशेष शिक्षिकेच्या खोलीतले दहा महिने : तिसरीतल्या मुलाच्या आईचा अनुभव

माझा मुलगा पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीत आहे. जूनपासून एप्रिलपर्यंत तो शाळेतल्या विशेष शिक्षिकेकडे, म्हणजे शिकताना अडखळणाऱ्या मुलांना वेगळं शिकवणाऱ्या बाईंकडे, आठवड्याला तीन तास जात होता. शाळेत अशी सोय असते हेच मला प्रवेशाच्या वेळी ठाऊक नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

दुसरीत असताना ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगायचा, पण धड्यातली एक ओळ वाचायला दिली की रडकुंडीला यायचा. आम्ही वर्षभर त्याला आळशी म्हणत राहिलो. ते आठवलं की आजही जीव तुटतो. शेवटी वर्गबाईंनीच सुचवलं, आधी डोळे आणि कान तपासून घ्या. दोन्ही ठीक निघाले, तेव्हा त्यांनी त्याला विशेष शिक्षिकेकडे पाठवलं.

त्या बाईंना पहिल्या आठवड्यात जे दिसलं, ते आम्हाला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. तो 'कविता' हा शब्द 'किवता' असा वाचायचा. कारण ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तिचं अक्षर मागून येतं. हा ती अलीकडच्या 'क'ला जोडून मोकळा व्हायचा. बाईंनी ताटात रवा पसरला, त्यात बोटाने अक्षर गिरवायला लावलं आणि म्हणाल्या, "वेलांटीचं छत कुणाच्या डोक्यावर आहे ते आधी बघ, मग तोंड उघड." पुढे दोन महिने वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच रंगाच्या खडूने. वाचताना एकच ओळ दिसेल अशी खिडकी कापलेला पुठ्ठा. दिवाळीपर्यंत वेलांटी बसली. जोडाक्षरं आणि रफार अजून अडतात.

आकड्यांचंही तसंच. 'सत्तावीस' म्हटलं की तो ७२ लिहायचा, कारण कानावर सात आधी पडतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस सात' अशी पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मीही नाक मुरडणाऱ्यांतलीच. आता माझ्या मुलाला आधी 'वीस सात' आणि मग 'सत्तावीस' म्हणायला लावलं की तो बरोबर लिहितो, त्यामुळे माझं मत पार बदललं आहे.

आता खटकलेलं. पहिले तीन महिने त्याला नेमकं खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासाला उठवून न्यायचे, कारण त्या तासांना "अभ्यास बुडत नाही". ज्या दोन तासांत तो कुणाहून मागे नसतो, तेच काढून घेतले! घरी येऊन गप्प बसायचा. खोदून विचारल्यावर कळलं की मुलं त्या खोलीला 'ढ'ची खोली म्हणतात. मी मुख्याध्यापिकांना दोनदा भेटले. वेळापत्रक हलणार नाही, असं पहिल्यांदा सांगितलं गेलं. सप्टेंबरअखेर मात्र त्याचे तास भाषेच्या स्वाध्यायाच्या वेळेत गेले. त्याच सुमारास बाईंनी वाचनाचे खेळ वर्गात येऊन सगळ्यांनाच खेळायला दिले. मग वर्गातली इतर मुलंही त्या खोलीत जायला मागू लागली आणि ते नाव हळूहळू मागे पडलं.

वाचा उपचारतज्ज्ञ वर्षात एकदाच आले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. समुपदेशक ताईंचा उपयोग त्याच्यापेक्षा मला जास्त झाला.

अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकताना येणाऱ्या अडचणीच्या, प्रमाणपत्राचं थोडं. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले आणि त्यात अध्ययन अक्षमता आली. तपासणी साधारण तिसरीच्या वयात, आठव्या वर्षाच्या आसपास होते. आम्हाला सरकारी रुग्णालयात पाच खेपा पडल्या. बुद्ध्यांक चाचणी एका दिवशी, वाचन-लेखन-गणिताची दुसऱ्या दिवशी. सकाळी मूल ताजं असताना न्या आणि शाळेच्या वह्या सोबत ठेवा, डॉक्टर त्याच आधी मागतात. पण मदत सुरू व्हायला प्रमाणपत्राची वाट पाहावी लागली नाही, ही शाळेची सगळ्यात चांगली बाजू.

मी समाधानी आहे का? बाईंच्या कामावर शंभर टक्के. शाळेच्या व्यवस्थेवर अर्धी. लेखी परीक्षेत प्रश्न कुणीतरी वाचून दाखवावेत, एवढंच मी मागत होते. तोंडी विचारलं तर परिसर अभ्यासातलं त्याला सगळं येतं, कागदावर मात्र निम्मं कोरं राहतं. सहामाहीला जमलं नाही, वार्षिकला वर्गबाईंनी स्वतः शेजारी बसून वाचलं. चौथीला वर्गशिक्षक बदलणार आहेत आणि विशेष शिक्षिकेकडे आणखी दोन शाळा आहेत. म्हणून ही सवलत मी आत्ताच लेखी मागितली आहे. अर्जाच्या प्रतीवर शाळेचा शिक्का घेतलाय, जूनच्या पहिल्या पालकसभेला ती सोबत नेणार आहे.