माथेरान की अलिबाग? एका दिवसात काय जमतं

पावसाळ्यात प्रश्नच नाही, माथेरान. मुंबईहून अलिबागकडे नेणाऱ्या गेटवे–मांडवा लाँच तेव्हा बंद असतात. नेरळहून वर येणारी मिनी ट्रेनही थांबते, पण अमन लॉज–माथेरान शटल चालू राहते. कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, अमन लॉज स्टेशन जवळच. पुढे गाड्यांना बंदी. शटल चुकली तर रुळांच्या कडेने अडीच-तीन किलोमीटर चाला. पांढरे बूट नकोत, लाल माती सुटत नाही.

अलिबागला चालणं कमी, पण घड्याळ भरतीचं. मांडव्यापर्यंत साधारण तासभर, पुढची बस बहुधा लाँचच्या तिकिटातच असते. कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी हवी, आणि इथेच बेत फसतात. पौर्णिमा-अमावस्येला ऐन दुपारी भरती असते, म्हणजे दिवसभराच्या सहलीला सर्वांत वाईट तिथी. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरती किती वाजता, हे ढोबळ कळतं. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीच्या आसपास ती दुपारी बाराला येते, मात्र भांगेच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या, त्या दिवसांत पाणी पूर्ण हटत नाही, चप्पल हातात घ्यावी लागते. परतीची शेवटची लाँच आधी विचारा, मग जेवायला बसा.