टेस्ट ट्यूबमधली राणी मुंगी : सात महिन्यांनंतर

सात महिन्यांपूर्वी पंख गाळलेली एक राणी मुंगी माझ्याकडे आली. काळीभोर, मुंगळ्यांच्या कुळातली, म्हणजे कॅम्पोनोटस. आज तिच्या नळीत 17 कामकरी मुंग्या आहेत. पहिल्या राणीला कशात ठेवावं असं कुणी विचारलं, तर मी काचेची साधी टेस्ट ट्यूब, पाणी आणि कापूस एवढंच सांगेन. विकणाऱ्याच्या आग्रहावरून मी तयार वारूळही घेतलं होतं, ते अजून रिकामंच आहे. एकट्या राणीला जमिनीत उकरलेल्या बिळासारखी अरुंद, ओलसर, अंधारी जागा लागते आणि ती नळीत आयती मिळते.

माझी नळी 16 मिलिमीटर रुंद, 150 मिलिमीटर लांब आहे. एक तृतीयांश पाणी भरायचं आणि पाण्याला टेकेपर्यंत कापसाचा बोळा आत सरकवायचा. तो ओला व्हावा, पण त्यातून थेंब गळू नये. मग राणी, आणि तोंडाशी कोरडा बोळा. माझा पहिला बोळा सैल बसला होता. दुसऱ्या दिवशी नळीत पाणी पसरलेलं आणि राणी तोंडाशी अंग चोरून बसलेली. तेव्हापासून राणी सोडण्याआधी भरलेली नळी एक रात्र आडवी ठेवून बघते.

सगळ्यात अवघड गेलं ते न बघणं. पहिल्या आठवड्यात आठ अंडी मोजली आणि मला राहवेना. रोज कपाट उघडायचं, नळी उचलायची, उजेडात धरायची. बाराव्या दिवशी तीनच अंडी उरली. हादरे आणि उजेड यांनी बिथरलेली राणी स्वतःची अंडी खाते, हे वाचलेलं होतं, तरी मी ते तिच्यावर आणलं याचं फार वाईट वाटलं. मग नळी कापडात गुंडाळून, दारांच्या आदळआपटीपासून लांबच्या कपाटात ठेवली आणि आठवड्यातून एकदाच, मिनिटभर बघायचं ठरवलं. त्यानंतर अंड्यांचा पुंजका वाढतच गेला. पांढऱ्या, एकमेकांना चिकटलेल्या त्या पुंजक्याला ती जबड्यात धरून ओल्या कापसाजवळ नेते, तिथून परत मागे आणते.

या काळात तिला खायला दिलं नाही. या जातीची राणी उडण्याचे स्नायू आणि अंगातली चरबी वापरून जगते, पिल्लांनाही त्यातूनच भरवते. पण सगळ्याच राण्या अशा नसतात. काही जातींत राणीला सुरुवातीपासून शिकार लागते, म्हणून आधी जात ओळखून घ्या. राणीने पंख गाळले म्हणजे मीलन झालंच, असंही नाही. फलित न झालेल्या अंड्यांतून फक्त नर निघतात, त्यामुळे कामकरी दिसेपर्यंत खात्री नसते.

चोपन्नाव्या दिवशी ती दिसली! राणीने कोषाचं टोक जबड्यांनी फाडलं आणि फिकट पिवळसर, पाय दुमडलेली एक इवलीशी मुंगी हळूहळू ओढून बाहेर काढली. मग बराच वेळ तिला चाटत राहिली. दोन दिवसांत पिल्लू काळं झालं. पहिल्या कामकरी नेहमीच बारीक असतात, त्यांना दुबळं समजू नका.

तेव्हापासून दर तीन दिवसांनी टाचणीच्या डोक्याएवढा साखरपाण्याचा थेंब आणि अर्धा डास देते. साखर मोठ्यांसाठी, मांस अळ्यांसाठी. औषध फवारून मेलेला डास चुकूनही देऊ नका. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढते, नाहीतर बुरशी धरते. ओला बोळा पिवळा पडला म्हणून लगेच नळी बदलायची गरज नाही, मी बदलली नाही.

नळीची एकच खरी तक्रार म्हणजे ती गोल असल्यामुळे घरंगळते. दोन्ही बाजूंना मातीचे गोळे लावले आणि प्रश्न मिटला. काळ्या बागमुंगीची, लेसियस नायजरची, एक राणी माणसाच्या देखरेखीखाली 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. त्यामुळे राणी आणताना आपल्याला हे किती वर्षं जमेल याचा विचार करा. मी तो नंतर केला.

आता पाणी दोन पेरांएवढंच उरलंय. नवी नळी भरून तोंडाला तोंड लावून ठेवली आहे. नवी कापडाखाली, जुनी उजेडात. काल दोन कामकरी पलीकडे जाऊन बोळा चाचपून आल्या. राणी अजून हललेली नाही.